लहान-मोठे कूलर एकाच ओळीत : संगणकात वेळ कशी भरावी?

आमच्या बांधवांपैकी पुष्कळांनी आता दुकानाची उधारी-जमा संगणकावर आणली आहे. उत्पादनाचे नियोजन मात्र अजूनही मालकाच्या डोक्यातच असते. एकच वस्तू बनत असेल तर हे निभावते. एकाच ओळीत तीन तऱ्हेचा माल निघू लागला की निभावत नाही, आणि मग दोष हमखास कारागिराच्या माथी येतो. तो 'हळू' नसतो, त्याच्या वाट्याला काम चुकीच्या क्रमाने आलेले असते.

उदाहरणासाठी कर्जतचा (रायगडचे नव्हे, पूर्वीच्या नगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) एक कूलरचा कारखाना कल्पू या. हा कमी पावसाचा भाग आहे, त्यामुळे उन्हाळ्याचे तीन महिने म्हणजेच या धंद्याचे वर्ष. पत्रा कापून-वाकवून तयार आहे. पुढची जुळणी तीन कारागीर तीन टप्प्यांत करतात : पहिला सांगाडा व टाकी जोडतो, दुसरा मोटार, पंखा आणि वायरिंग बसवतो, तिसरा पंप, गवताच्या जाळ्या लावून पाणी सोडून तपासतो. मागणी रोज बारा कूलरची : सहा लहान, चार मध्यम, दोन जम्बो.

आता वेळेचा हिशेब. कामाचे आठ तास, त्यातून जेवण व जोहरच्या नमाजचा एक तास वजा केला की ४२० मिनिटे उरतात. भागिले बारा, म्हणजे दर ३५ मिनिटांनी एक कूलर बाहेर पडला पाहिजे. कारखान्यांत याला 'टॅक्ट' म्हणतात. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ ताल असा आहे, आणि आम्हाला तोच शब्द अधिक पटतो.

घड्याळ लावून मोजलेल्या वेळा अशा धरू :

पहिला टप्पा : लहान २४, मध्यम ३०, जम्बो ४८ मिनिटे.
दुसरा टप्पा : लहान २८, मध्यम ३३, जम्बो ४८ मिनिटे.
तिसरा टप्पा : लहान २७, मध्यम ३६, जम्बो ४५ मिनिटे.

संगणकात आकडे भरताना बहुतेकांची गफलत येथे होते. ते 'कूलर' या नावाची एकच वस्तू नोंदवतात आणि अंदाजे वेळ टाकून मोकळे होतात. त्याऐवजी तीन मॉडेल वेगवेगळी नोंदवावीत. एका तक्त्यात रोजची मागणी, दुसऱ्यात प्रत्येक बारीक काम व त्याला प्रत्येक मॉडेलमागे लागणारी वेळ, आणि त्या कामाआधी कोणते काम संपलेले हवे, हे लिहावे. पंप सांगाड्यानंतर केव्हाही बसेल, पण चाचणी शेवटीच. हे लिहिलेले असले की काम एका माणसाकडून दुसऱ्याकडे हलवता येते. लिब्रेऑफिसचा मोफत कॅल्क यासाठी पुरेसा आहे. मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्ट या मुक्त प्रणालीत मॉडेलनिहाय साहित्य-यादी, कामे, कामाची जागा आणि तिचे तास भरता येतात. मात्र कोणाला कोणते काम द्यायचे, ते आधी आपणच ठरवावे लागते.

सरासरी काढताना मागणीचे वजन द्यायचे. सहा-चार-दोन या प्रमाणात हिशेब केला तर पहिल्या टप्प्याला सरासरी ३० मिनिटे येतात, दुसऱ्याला ३३, तिसऱ्यालाही ३३. तिन्ही पस्तिसाच्या आत. संगणक म्हणेल, तोल साधला. कागदावर खरोखरच साधला आहे.

पण सकाळी मालकाने 'जम्बो आधी उरकून टाका' म्हटले की काय होते पाहा. दुसऱ्या टप्प्यावर लागोपाठ दोन जम्बो म्हणजे ९६ मिनिटे; तालाप्रमाणे हवी होती ७०. कारागीर २६ मिनिटे मागे पडला आणि त्याच्या पुढचा माणूस हात बांधून बसला. हेच दोन जम्बो वेगळे करून 'लहान, जम्बो, लहान, मध्यम, लहान, मध्यम' असा सहाचा फेरा दोनदा फिरवला, तर जम्बोवर १३ मिनिटे मागे पडतो, पुढच्या लहानावर ती ६ होतात, मध्यमावर ४, त्यापुढच्या लहानावर हिशेब फिटतो. दोन टप्प्यांच्या मध्ये एक अर्धवट कूलर राखीव ठेवला की एवढी ओढाताण सहज जिरते. म्हणून संगणकात सरासरीच्या शेजारी क्रमाचा तक्ताही हवा. त्यात प्रत्येक कूलरनंतर किती मिनिटे उशीर साचला, हे दिसले पाहिजे.

हा विचार नवा नाही. अमेरिकेत निक थॉमोपोलस यांनी १९६७ मध्ये अशा मिश्र ओळींचा तोल व क्रम एकत्र मांडणारा लेख प्रसिद्ध केला. जपानच्या टोयोटाने निरनिराळ्या मोटारी आलटून-पालटून एकाच ओळीवर काढण्याची शिस्तच घालून घेतली. आमच्या जिल्ह्यालाही जुळणीचा धंदा परका नाही. १९७२ मध्ये बाजारात आलेली कायनेटिकची लुना नगरच्या कारखान्यातूनच देशभर गेली.

दिनदर्शिकाही नीट भरावी. शुक्रवारी जुम्यासाठी आणखी ३५ मिनिटे सोडली तर ३८५ उरतात, म्हणजे बरोबर अकरा कूलर. त्या दिवशी बाराचेच लक्ष्य ठेवले तर संध्याकाळी वाद ठरलेला.

आणि मागणीचे प्रमाण बदलले की सगळा हिशेब पुन्हा करायचा. समजा मे महिन्यात व्यापारी म्हणाला, 'रोज बाराच द्या, पण तिन्ही चार-चार.' संख्या तीच, म्हणून आपण होकार देऊन टाकतो. सरासरी मात्र आता ३४, ३६ मिनिटे २० सेकंद आणि ३६ अशी होते. तिन्हींची बेरीज १०६ मिनिटांच्या वर जाते, आणि तिघांजवळ मिळून एका कूलरमागे १०५च आहेत. कामे कशीही वाटली तरी तिघांकडून रोज बारा निघणार नाहीत. मग एकतर अकराचा सौदा करावा, किंवा जाळ्यांत गवत भरण्याचे काम ओळीबाहेर काढून घरगुती मजुरीवर द्यावे. एका जाळी-संचामागे दहा मिनिटे जरी वाचली तरी तिसरा टप्पा २६ वर येतो, आणि मग दुसऱ्याचे थोडे वायरिंग त्याच्याकडे सरकवता येते.