नकार पचवायला शिकू या

मंडळी, हाताला काम नसले की पोटाची काळजी लागते. पण मनालाही घोर लागतो. आज त्या मनाविषयी बोलू या.

सिरसाळ्याच्या आमच्या रात्रीच्या वर्गात एक गडी येतो. ऊसतोडीचा हंगाम संपला. पाऊस लांब होता. काम बघायला तो परळीच्या मोंढ्यात गेला. दोन आडतींवर "माणूस नको" म्हणाले. तिसरीकडे मालकाने मान वर न करताच हात हलवला. गड्याला राग आला. तोंडाला येईल ते बोलून तो बाहेर पडला. घरी येऊन बायकोवर ओरडला. मग चार दिवस पारावर बसून राहिला. लोक म्हणाले, "आळशी झाला."

तो आम्हांला म्हणाला, "गुर्जी, माझ्यात काय खोट हाय का?"

खोट नव्हती. मन खचले होते. असे सगळीकडेच होते. युरोपात ऑस्ट्रिया देश आहे. तेथे मारिएनथाल नावाचे गाव एका गिरणीवर जगत होते. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली. पुढे मारी याहोदा नावाच्या बाई व त्यांचे सोबती यांनी त्या गावाचा अभ्यास केला. १९३३ साली तो छापला. त्यांना काय दिसले? लोकांना वेळ भरपूर होता, पण ते वाचनालयातून पूर्वीपेक्षा कमी पुस्तके नेत. पुरुष रस्त्याने हळू चालत, जागोजागी थांबत. काम गेले की उमेदही जाते, ती अशी. याला आळस म्हणू नये.

मग उमेद राखावी कशी? आम्ही वर्गात एक खेळ केला. आम्ही मालक झालो. गडी काम मागायला आला. आम्ही तीनदा "नाही" म्हटले. त्यातून चार गोष्टी शिकलो.

१. राग ओळखावा. कान तापतात, मूठ वळते. तेव्हा बोलू नये. सावकाश दहा श्वास घ्यावेत.

२. "आज माणूस नको" याचा अर्थ "तू नालायक" असा नव्हे. निघताना विचारावे, "मालक, पुन्हा कधी येऊ? आणखी कुठे माणूस लागतो का?"

३. घरी खरे सांगावे. घरची माणसे वैरी नव्हेत.

४. खचलेल्या मनाने मुकादमाची उचल घेऊ नये. उचल म्हणजे पुढच्या हंगामाचे कष्ट आजच विकणे. त्यात नवराबायको मिळून एक कोयता, म्हणून दोघांनी बसून विचार करावा. एक रात्र जाऊ द्यावी. आकडा वाचावा, लिहून घ्यावा, मगच सही करावी.

धीर धरणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. १९७२ च्या दुष्काळाने काम मागणे हा हक्क आहे, हे महाराष्ट्राला शिकवले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. सरकारी काम मागायचे तर लेखी मागावे, तारखेची पोच घ्यावी.

तो गडी पुन्हा त्याच आडतीवर गेला. आधी झाल्या बोलण्याची माफी मागितली. काम तेथे नव्हतेच. पण मालकाने दुसरी आडत दाखवली. तेथे आठ दिवस हमाली मिळाली. आठच दिवस, पण आता तो पारावर बसत नाही.

वाचा, बोला, लिहा :
१. राग आला की तुमच्या अंगाला काय होते?
२. शेजाऱ्याला मालक करा व काम मागून पाहा.
३. काम मागणारा चार ओळींचा अर्ज लिहा.