स्वाक्षरीचे मोल

धनादेश म्हणजे खातेदाराची लेखी आज्ञा होय. 'माझ्या खात्यातून या गृहस्थास इतके रुपये द्यावेत,' असे तो बँकेस कळवितो आणि ही आज्ञा आपलीच आहे याची साक्ष म्हणून खाली स्वाक्षरी करतो. बँकेजवळ त्या स्वाक्षरीचा नमुना असतो. तो ताडून पाहूनच तिने पैसे द्यावयाचे असतात. परंतु दुसऱ्याच कोणी ती स्वाक्षरी हुबेहूब उठविली, तर झालेली हानी कोणी सोसावी?

हा प्रश्न कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या कंपनीपुढे उभा राहिला. तिचे खाते कॅनरा बँकेत होते. ज्या हिशेबनिसाच्या हाती कंपनीने विश्वासाने धनादेश-पुस्तक सोपविले होते, त्यानेच व्यवस्थापकीय संचालकांची खोटी सही करून, एक नव्हे, दोन नव्हे, 42 धनादेश वटविले. हिशेबही तोच लिहीत असल्यामुळे हे कपट बराच काळ झाकून राहिले. पुढे दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या दृष्टीस अनोळखी धनादेशाची नोंद पडली आणि कुंपणच शेत खात असल्याचे उघड झाले. कंपनीने 3,26,047 रुपये 92 पैशांसाठी बँकेवर दावा लावला.

बँकेचे म्हणणे असे की, 'आम्ही हिशेबाचे उतारे वेळोवेळी दिले. कंपनीने हरकत घेतली नाही. मग दोष तिचाच.' वरवर पाहता हे पटण्यासारखे होते.

वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 22 एप्रिल 1987 रोजी निकाल लागला. खोटी सही असलेला धनादेश ही खातेदाराची आज्ञाच नव्हे; म्हणून असे पैसे त्याच्या खात्यातून वजा करण्याचा अधिकार बँकेस नाही. जी लबाडी ठाऊकच नाही, तिच्याविषयी गप्प राहणे म्हणजे तिला संमती देणे नव्हे. न्यायालयाने असा निर्णय देऊन बँकेचे अपील फेटाळले.

आज पुष्कळ व्यवहारांत स्वाक्षरीची जागा गुप्त अंकांनी घेतली आहे. खातेदाराने स्वतःच तो अंक दुसऱ्यास सांगितला, तर बँकेस कळवीपर्यंतची हानी त्याची आणि कळविल्यानंतरची बँकेची, असे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये ठरविले. न्याय निरपराध्याच्या पाठीशी उभा राहतो. परंतु आपल्या नावाची राखण करणे हे ज्याचे त्याचे कर्तव्य आहे.

स्वाध्याय
1. हिशेबनिसाचे कपट बराच काळ का उघडकीस आले नाही?
2. 'गप्प राहणे म्हणजे संमती देणे नव्हे,' हे स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.