खर्च कोणी उचलायचा? बाबासाहेबांचं १९२८ चं भाषण

ताईंनो, बाबासाहेब म्हटलं की संविधान आठवतं. ही गोष्ट त्याच्या वीस वर्षं आधीची आहे.

लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले बाबासाहेब आंबेडकर मुंबईत वकिली करायचे. १९२७ मध्ये ते मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले. जुलै १९२८ मध्ये तिथं कारखान्यातल्या बायकांना बाळंतपणात रजा आणि भत्ता देण्याचं विधेयक आलं. तोवर रोजंदारीचा हिशोब सरळ होता, काम नाही तर मजुरी नाही. बाळंतीण असली तरी तेच.

वाद झाला तो पैशावरून. मालकानं का द्यायचे? बाबासाहेबांनी पक्क्या वकिलासारखं उत्तर दिलं. पुरुषापेक्षा बाईकडून जास्त फायदा होतो म्हणूनच मालक तिला कामावर ठेवतो, मग थोडा भार त्यानं सोसायलाच हवा. खरं तर मोठा भार सरकारनं उचलावा, असंही ते म्हणाले, कारण आईला विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे. १९२९ मध्ये कायदा झाला.

एका गटात मी हे सांगितलं, तर एक ताई पटकन म्हणाली, "आणि खुरपणीला जाणारीचं काय?" बरोबर पकडलं तिनं! तो कायदा कारखान्यापुरताच होता. शेतमजूर बाईला पगारी रजा आजही नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळाला ५,००० रुपये हप्त्यांनी, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. बुडालेल्या मजुरीपुढे हे किती, ते तुम्हीच मोजा.

तुमच्या गटातल्या गरोदर लेकी-सुनांची नोंद अंगणवाडीत झालीय का? पुढच्या बैठकीत मी नावं विचारणार आहे.