कच्छपुटातील गंधयोग : वनौषधी आणि गुळाचा धूर

गंधद्रव्यांचा विचार आपण वैद्यमंडळी सहसा उटण्यापुरता, तोही दिवाळीच्या तोंडावर करतो. चरकाचार्यांनी मात्र सूत्रस्थानातील मात्राशितीय अध्यायात गंधमाल्यधारण हे अंजन, धूमपान, अभ्यंग यांच्याच पंक्तीस बसविले आहे आणि सौमनस्य हे त्याचे एक फल सांगितले आहे. गंध सिद्ध कसा करावा, हे सविस्तर वाचावयाचे तर वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील (इ. स. ६ वे शतक) गंधयुक्ती अध्यायाकडे वळावे लागते.

तेथे सोळा घरांचे एक कोष्टक आहे, ते कच्छपुट. पहिल्या ओळीत अगुरु २, तमालपत्र ३, तुरुष्क (शिलारस) ५, शैलेय ८ भाग. दुसऱ्या ओळीत प्रियंगु ५, मुस्ता ८, बोळ २, ह्रीबेर ३. तिसऱ्या ओळीत स्पृक्का ४, त्वक् १, तगर ७, जटामांसी ६. आणि चौथ्या ओळीत चंदन ७, नख ६, श्रीवास ४, कुंदुरु १. आडव्या, उभ्या वा तिरक्या कोणत्याही ओळीतील चार द्रव्ये घ्या, बेरीज १८ भागच येते. घटक बदलले तरी योगाचे एकूण मान बदलत नाही. पुडी बांधणाऱ्याच्या सोयीचा याहून चांगला विचार क्वचितच आढळेल.

यातील निम्म्याहून अधिक द्रव्ये सुश्रुतोक्त एलादि गणात आहेत आणि कंडू, पिडका, कोठ ही त्या गणाची कार्यक्षेत्रे आहेत. मानांकडे पाहिले तर सर्वाधिक भाग शैलेय व मुस्ता यांना, म्हणजे मातकट, कडवट वासाच्या द्रव्यांना आहेत. शैलेय म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूलच. उलट त्वचेवर दाह करू शकणाऱ्या दालचिनीस केवळ एक भाग आहे, आणि तो योग्यच वाटतो.

गोडवा येतो तो शेवटी. सर्वतोभद्र नावाच्या या गंधांत नख, तगर व तुरुष्क मिसळून जातीफल, कर्पूर व कस्तुरी यांनी उद्बोध, म्हणजे गंध जागा करणे, सांगितला आहे. नंतर गूळ व नख यांचा धूप द्यावयाचा. जळत्या गुळाचा करपट-गोड धूर मुळांच्या उग्र वासावर बसतो. फुलांच्या अत्तराला सरावलेल्या नाकाला हे मिश्रण प्रथम विचित्र वाटते. नख हे सागरी शंखवर्गीय प्राण्याच्या मुखावरील झाकण असून ते शोधनाशिवाय वापरू नये. कच्चे जाळल्यास केस जळाल्यासारखी दुर्गंधी येते.

खरी अडचण द्रव्यनिश्चितीची आहे. प्रियंगु व स्पृक्का ही संदिग्ध द्रव्ये आहेत. बाजारात या नावांनी जे मिळते ते तपासल्यावाचून घेऊ नये. कस्तुरी तर वर्ज्यच, कारण कस्तुरीमृगास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तिच्या जागी लताकस्तुरीचे बीज घ्यावे. जटामांसीही हिमालयात दुर्मिळ होत चालली आहे, म्हणून लागवडीचा माल देणारा व्यापारी शोधणे अगत्याचे.

प्रयोगास आरंभ करावयाचा तर चौथा उभा स्तंभ सोयीचा : शैलेय ८, ह्रीबेर ३, जटामांसी ६, कुंदुरु १. दर भागास १० ग्रॅम धरल्यास १८० ग्रॅम चूर्ण होते. कुंदुरु वेगळा कुटून शेवटी मिसळावा, नाहीतर खलात चिकटतो. गुळाचा धूप चूर्णाला थेट न देता मडके उपडे धरून त्याच्या आतून द्यावा आणि चूर्ण त्यात झाकून रात्रभर ठेवावे. प्रथम हाताच्या आतल्या बाजूस लावून पाहावे. श्वासाच्या रुग्णाजवळ हा धूप करू नये.

हा अध्याय केवळ उत्तरेचा वारसा आहे असेही नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील प. कृ. गोडे यांनी ज्या गंधविषयक ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, त्यांतील गंधवाद या ग्रंथावर जुनी मराठी टीका आहे.

औषधशाळाचालकांसाठी एक सूचना. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांत बृहत्संहिता नाही. तेव्हा केवळ तिच्या आधारावर हा योग ‘शास्त्रोक्त औषध’ म्हणून पुडीवर छापता येणार नाही. कंडू-कोठाचा दावा तर टाळावाच. सुगंधी चूर्ण म्हणून विकावयाचे असल्यास त्यासाठी लागणाऱ्या परवान्याची चौकशी माल तयार करण्यापूर्वीच अन्न व औषध प्रशासनाकडे करावी.