चार वर्षांच्या मुलाला बाहेर खेळू द्यावं का?

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. बाहेर ऊन, धूळ, गाड्या. म्हणून घरातच मोबाइल देते. चालेल का?
– एक आई, परतवाडा

उत्तर : ताई, काळजी रास्त आहे, पण त्याला बाहेर न्याच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशीनुसार या वयात दिवसभरात किमान 180 मिनिटं हालचाल हवी, त्यातली 60 तरी दम लागेल अशी. स्क्रीन फार तर एक तास. शिवाय दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं अंधुक दिसण्याचा धोका कमी असतो.

बांधकामाच्या रेतीवर चढणारं पोर पाहा. पाय रुततो, तोल जातो, हात टेकून ते सावरतं, पुन्हा चढतं. ताकद, तोल, अंदाज, सगळं तिथंच घडतं. अमरावतीत 1914 पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. व्यायामाची कदर आपल्या जिल्ह्याला नवी नाही. एवढ्या लहानाला मात्र शिकवणी नको, मोकळा खेळ हवा.

एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावरच न्या, पाणी सोबत ठेवा. रस्ता टाळा, अंगण, शाळेचं मैदान चालेल. जवळ बसा, पण सारखं ‘पडशील’ म्हणू नका. खरचटलं तर साबण-पाण्यानं धुवा. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना, तेवढं लसीकरणाच्या कार्डात पाहून घ्या.