कार्ड कापण्याआधीचं गणित

घरकर्जाचा अर्ज करायचा म्हणून मी एकाच बँकेची जास्तीची कार्डं बंद करायला निघालो. चार्ज कार्ड आधी काढलं. त्याचं बिल दरमहा पूर्ण भरावंच लागतं, खर्चाची ठरलेली मर्यादाही नसते. ते गेलं, वार्षिक फी वाचली.

उरली दोन क्रेडिट कार्डं. मर्यादा ६०,००० आणि ४०,०००, महिन्याचा खर्च ३०,०००. म्हणजे वापर ३० टक्के. पहिलं कार्ड तसंच बंद केलं असतं, तर तोच खर्च ४०,००० वर ७५ टक्के दिसला असता! कर्जाच्या तोंडावर क्रेडिट स्कोअर घसरण्याची भीती. म्हणून बँकेला लेखी विनंती करून पहिल्याची मर्यादा दुसऱ्यावर घेतली. स्टेटमेंटवर १,००,००० दिसले, मगच बंदचा अर्ज दिला. (सगळ्याच बँका असं करून देतात असं नाही, आधी विचारा.)

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे, बाकी शून्य असेल तर कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. नाहीतर बँकेनं दिवसाला ५०० रुपये द्यायचे. त्यामुळे अर्जाची पोच जपून ठेवा.

पहिला पगार झाला की कार्डवाल्यांचे फोन तुम्हालाही येतील. तेव्हा क्रम विसरू नका: आधी मर्यादा हलवा, मग बाकी फेडा, कात्री सगळ्यात शेवटी!