सिगारेट सोडण्यासाठी निकोटिनची गोळी

"डॉक्टर, ती चघळायची गोळी आठ दिवस घेतली, पण काही उपयोग नाही," ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. गोळी कशी चघळली, असे विचारले की बहुधा कारण तिथेच सापडते.

या गोळीचा, म्हणजे निकोटिनच्या च्युइंगमचा, जन्म स्वीडनमधला. पाणबुडीत धूम्रपान करता येत नसल्याने खलाशी तोंडात तंबाखू धरून तलफ भागवत. हे १९६७ साली कळल्यावर ओवे फर्नो या संशोधकाने गोळीचे काम हाती घेतले. पुढे धूम्रपान करणाऱ्यांचे दोन गट करून चाचण्या झाल्या. एका गटाला निकोटिनची गोळी, दुसऱ्याला तशीच पण निकोटिन नसलेली. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळानंतर किती जणांची सिगारेट सुटलेली आहे, हे पाहिले गेले. अशा पन्नासहून अधिक चाचण्यांचा २०१८ साली एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गोळीमुळे व्यसन सुटण्याचे प्रमाण सुमारे दीडपट होते, असे दिसले. ही जादू नव्हे. पण आधार निश्चित आहे.

सिगारेटमधील निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचते. गोळीतले निकोटिन गालाच्या आतील त्वचेतून हळूहळू रक्तात जाते. मात्र धुरातील डांबर व कार्बन मोनॉक्साइड गोळीत नसतात.

म्हणूनच ही गोळी साध्या च्युइंगमसारखी चावू नये. सावकाश चावावी, झणझणीत चव आली की थांबावे व ती गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवावी. चव ओसरली की पुन्हा चावावी. असे अर्धा तास करावे. भराभर चावल्यास निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते. उचक्या, मळमळ होते आणि तलफ तशीच राहते. गोळीपूर्वी पंधरा मिनिटे व ती तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत घेऊ नये.

झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर ४ मिलिग्रॅमची गोळी योग्य. इतरांना २ मिलिग्रॅमची पुरते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, नंतर कमी करीत सुमारे तीन महिन्यांत बंद करावी. हृदयविकार असलेल्यांनी व गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

गोळी तलफ शमवते; निश्चय मात्र आपलाच हवा. सोडण्याची तारीख ठरवा, घरच्यांना सांगा आणि खिशातले पाकीट त्याच दिवशी टाकून द्या.